रवीचं काळीज

“आता शेवटचं एक,” नवऱ्यामुलाच्या वडलांनी, व्यंकटरावांनी, मांडी बदलली आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “आमच्या घरची रीत हाय, राग मानू नका. पेढा तोंडात घालायच्या आधी दोन्हीकडच्यांनी सांगून मोकळं व्हायचं. कोणाच्या घरात काही दुखणंबिखणं, काही अडचण, काही झाकलेलं असंल तर ते आत्ताच, हितंच. मागून बोलणं नको. आधी माझ्याकडचं सांगतो. माझ्या थोरल्याला एका कानानं ऐकू येत न्हाई. मला साखर हाय. घरवालीला गुडघ्याची तकलीफ. झालं. आता तुमी बोला.”

अंगणात सतरंजीवर बसलेली माणसं हसली. हसण्यासारखं त्यात फार काही नव्हतं, पण सोयरीक जमत आली की माणसं कशालाही हसतात. मे महिन्याचं ऊन आता भिंतीवर चढलं होतं. नरसिंगनं पाहुणे येणार म्हणून वाळलेली हळद पोत्यांत भरून एका बाजूला रचली होती आणि हळद पॉलिश करायचा लोखंडी ड्रम फाटकाजवळ ढकलून ठेवला होता. तरी सतरंजीवर पिवळी धूळ होतीच. पाहुण्यांच्या पांढऱ्या लेंग्यांना ती लागत होती आणि तिकडं कोणी पाहत नव्हतं.

भीमराज हसला नाही. हिंगोलीच्या कचेरीत वीस-बावीस वर्षं काढलेला माणूस. प्रश्न आला की उत्तर देण्याआधी तो चष्मा पुसायचा. आताही त्यानं चष्मा पुसला. थोरल्या भावाकडं, नरसिंगकडं, एकदा पाहिलं. नरसिंग पोत्यांकडं पाहत होता.

“न्हाई,” भीमराज म्हणाला. “आमच्याकडं तसलं काही न्हाई.”

“मग झालं तर!” व्यंकटरावांनी पेढ्यांचा डबा पुढं ओढला. नरसिंगला खोकला आला. पाणी प्यायल्यावरही तो बराच वेळ खोकत राहिला.

खरं सांगायचं तर हे स्थळ भीमराजच्या मनातलं नव्हतं. त्याची मुलगी करुणा डी.एड. झालेली, शिक्षिका म्हणून लागलेली, दिसायला चांगली. तिला बँकेतला नाहीतर तहसीलमधला नवरा मिळेल, पंख्याखाली बसणारा, अशी त्याची खात्री होती. आणि पोरीनं निवडला कोण, तर शिरड शहापूरचा धम्मपाल. पीटीचा मास्तर! “शिट्टी फुंकायचा पगार घेतो तो,” भीमराज म्हणाला होता. “शिट्टी फुंकायलाही दम लागतो, पप्पा,” करुणा म्हणाली होती. पोरगा चांगला होता, निर्व्यसनी होता, हुंडा नको म्हणत होता. नाही म्हणायला भीमराजकडं एकच कारण होतं आणि ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. मैदानाशी संबंध असलेलं काहीच त्याला घरात नको होतं.

आणि मैदान तर समोरच होतं. नरसिंगच्या फाटकातून बाहेर पडलं की रस्ता, रस्त्यापलीकडं गावची शाळा. कुरुंद्याच्या फाट्यावरून आत आलेलं हे गाव. भीमराज चौथीपर्यंतची शाळा याच मैदानाच्या कडेला शिकला. आज सकाळपासून येताना-जाताना त्यानं तिकडं पाठ केली होती.

*

त्याचा मुलगा रवींद्र मात्र त्या वेळी मैदानाच्या कडेला, शाळेच्या ओट्यावर बसला होता.

बसण्यात रवी पटाईत होता. वर्गात, घरात, लग्नात, सहलीत, कुठंही गेला तरी टेकायला भिंत आणि सावली असलेली जागा तो आधी हेरायचा. पाचवीपासून पीटीच्या तासाला सगळा वर्ग मैदानावर धावायचा आणि रवी एकटा बाकावर बसून पोरांची दप्तरं सांभाळायचा. शाळेत पोचवायला पप्पांची स्कूटर, शिकवणीला पप्पांची स्कूटर, घरी आला की दिवाण, उशी, केबलवरचं क्रिकेट आणि मम्मीनं आणून दिलेली बशी. बारावीचा पेपर झाला त्या दिवशी त्याचं वजन वर्गात सगळ्यांत जास्त होतं आणि दम सगळ्यांत कमी. शर्टाची पोटावरची दोन बटणं ताणली जायची म्हणून तो सतत हात पोटावर ठेवून बसे.

मैदानात गावची पोरं व्हॉलीबॉल खेळत होती आणि त्यांच्यात होणारे भावजी घुसले होते. धम्मपालनं सोयरिकीसाठी घातलेला कडक इस्त्रीचा शर्ट काढून कडुलिंबाला अडकवला होता आणि बनियनवर तो उड्या मारत होता. स्वतःच्या सोयरिकीची बोलणी चालू असताना असं कोणी खेळतं का! रवीला हसू आलं. आवडलाही तो.

“रवी, चल की!” धम्मपालनं हाक मारली. “एक माणूस कमी हाय आमच्याकडं.”

रवीनं नुसती मान हलवली. धम्मपाल चेंडू टाकून ओट्याजवळ आला. “काहून रं? लाजतो काहून? न्हाई येत तर न्हाई येत, हिकडं कोणाला येतंय?”

“तसं नाही, भावजी. मला चालत नाही खेळलेलं.” रवीनं हे इतक्यांदा सांगितलं होतं की सांगताना त्याचा आवाज बदलत नसे. “माझ्या हृदयाला छिद्र आहे.”

धम्मपाल त्याच्या शेजारी बसला. 

“कधीपासून?”

“लहानपणापासूनच असंल. पाचवीत असताना कळलं.”

“डाक्टर काय म्हणते? ऑपरेशन?”

“ते पप्पांना माहीत. धावायचं नाही, उचलायचं नाही, दगदग नाही, एवढंच मला माहीत.” मग त्या माणसाचा चेहरा पाहून रवीलाच त्याला धीर द्यावासा वाटला. “पण काही त्रास नाही तसा. जिना चढलो की धाप लागते, तेवढंच.”

त्या धापेची त्याला सवय झाली होती. शिकवणी दुसऱ्या मजल्यावर होती. पहिल्या वळणावरच छातीत धडधड व्हायची, आणि त्याला वाटायचं, आता ते छिद्र मोठं होऊन राहिलं. पोरं इंजिनिअरिंगचं बोलायची, पुण्याचं बोलायची, तेव्हा तो ऐकून घ्यायचा. पुढं काय करणार असं कोणी विचारलं तर म्हणायचा, बघू. त्याच्या हिशेबात पुढचं फार काही नव्हतं.

“थांब हितंच,” धम्मपाल उठला. कडुलिंबावरचा शर्ट त्यानं अंगात घातला. बटणं लावत लावत तो रस्ता ओलांडून अंगणाकडं निघाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आपल्या होणाऱ्या मेव्हण्याला आपण बरं करू शकतो, एवढ्याच आनंदात तो गडी चालला होता.

*

पेढा व्यंकटरावांच्या हातात होता.

“बाबा,” धम्मपाल फाटकातूनच म्हणाला, “रवीला नांदेडला दाखवायला पाहिजे. आमच्या हेडमास्तरच्या पुतणीच्या काळजाला असंच भोक व्हतं. मुंबईला ऑपरेशन झालं, आता पोरगी सायकल चालवते. मामा, तुमी कोणत्या डाक्टरला दाखवलं त्याला?”

हा मामा म्हणजे भीमराज. होणाऱ्या जावयानं पहिल्यांदाच त्याला मामा म्हटलं होतं.

 व्यंकटरावांनी हातातला पेढा परत डब्यात ठेवला. ठेवताना तो कडेला नीट बसवला, बाकीच्यांची रांग मोडू नये असा.

“भीमराजराव,” ते म्हणाले. “मी इचारलं व्हतं.”

दाराआडून सगळं ऐकत असलेली पारुबाई, भीमराजची बायको, पदर सावरत बाहेरच आली. तिच्या कपाळावर घाम होता आणि हाताला पुरीचं पीठ.

“तुमी पाहुण्यायला सांगितलं न्हाई?” तिनं नवऱ्याला विचारलं. “अहो, सगळं सांगितलं म्हणले व्हते ना मला?” मग तिनं व्यंकटरावांपुढं हात जोडले. “भाऊ, चुकलं आमचं. सांगायला पाहिजे व्हतं. माझं लेकरू आजारी हाय. सात वर्षं झाली, मी त्याला फुलावानी जपून राहिले. पाण्याची घागर उचलू देत न्हाई. बाजारात पाठवत न्हाई. झोपला की नाकापुढं हात धरून बघते, श्वास चालू हाय का म्हणून. पण पोरीला काही न्हाई भाऊ. माझ्या करुणाची छाती ठणठणीत हाय. तुमी म्हणसाल त्या डाक्टरला दाखवा. तिचं कशाला मोडता?”

भीमराज ऐकत होता. हे नाकापुढं हात धरणं त्याला माहीत नव्हतं. एका खोलीत झोपणारी माणसं. आणि आपली बायको सात वर्षं रोज उठून बसते हे त्याला आज पाहुण्यांसमोर कळत होतं. त्याला सतरंजीखाली लपावंसं वाटलं. तो चष्मा पुसू लागला.

“ताई, दुखण्याची लाज न्हाई,” व्यंकटराव म्हणाले. ते एसटीत ड्रायव्हर होते, उभं आयुष्य लोकांच्या जिवाची जबाबदारी घेतलेला माणूस. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. “माझीच साखर मी सांगितली ना? पण काळजाचं दुखणं रक्तात असतं म्हणते लोक. उद्या हिची लेकरं... बरं, तेही जाऊ द्या. इचारल्यावर न्हाई म्हणायचं, ते काहून?” त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. “आमी घरी बोलून कळवतो.”

कळवतो म्हणजे काय, हे अंगणातल्या बाजेवर बसून हळदीच्या कांड्या मोडणाऱ्या भीमराजच्या म्हाताऱ्या आईला, जनकाबाईलाही कळलं. तिचे हात थांबले.

आत चुलीपुढं करुणा उभी होती. तेल तापलं होतं आणि पुरी लाटून हातात होती, ती तिनं परत परातीत ठेवली. रवीचा तिला राग आला नाही. तिनंही त्या छिद्रापायी काय कमी सोसलं होतं? दोघा भावंडांत सायकल एकच आली आणि ती तिला मिळाली, पण बाजार, दळण, गॅसची टाकी सगळं तिनंच ओढलं. रवीचं दप्तरही. त्याला बरं नाही म्हटल्यावर तिनं कधी तोंडातून शब्द काढला नव्हता. आता तिचं लग्नही त्यातच जाणार असेल तर जाऊ दे, असंसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं. मग धम्मपालचा आवाज आला, “बाबा, असं काय करता,” आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“भीमराज,” नरसिंग म्हणाला. “बोल.”

“काय बोलू, दादा?”

“बोल म्हणतो ना. पाहुणे उठून राहिले.”

भीमराजला कळलं की ही शेवटची संधी आहे. भावानं ती ताटात वाढून दिली होती. खरं सांगितलं असतं तर पोरीचं जमलं असतं, आणि पोरगं गमावलं असतं. त्यानं फाटकाकडं पाहिलं. ड्रमच्या शेजारी रवी येऊन उभा होता, हात पोटावर ठेवून, आपल्यामुळं काहीतरी बिघडलं या ओशाळ्या चेहऱ्यानं.

“तसं फार मोठं न्हाई ते,” भीमराज म्हणाला. “बारीक हाय भोक. वाढत्या वयात भरून येतं.”

नरसिंगनं हातातला पितळी तांब्या खाली आपटला.

“अरे, कुठलं भोक! कोणाचं भोक!” त्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. “बस झालं की आता! व्यंकटराव, बसा खाली. या पोराच्या काळजाला काही झालं न्हाई. कधीच काही झालं नव्हतं. मी हळद घेऊन हिंगोलीला गेलतो, त्या दिवशी याच्या संग शाळेत मीच गेलतो. हेडमास्तरपुढं उभं राहून हा बोलला, माझ्या पोराच्या काळजाला छिद्र हाय, त्याला ग्राउंडवर काढू नका. मी तोंडाकडंच बघत राहिलो. बाहेर आल्यावर इचारलं, तर म्हणे दादा, गप बस, एका तासाचा प्रश्न हाय. मला हसू आलं. मीबी हसलो. मला काय माहीत, हा घरातबी तेच सांगंल!”

पारुबाई खाली बसली, पायऱ्यांवर नाही, जिथं उभी होती तिथंच मातीत. “डाक्टरनं सांगितलं म्हणले व्हते,” ती हळू म्हणाली. “नांदेडच्या.”

“डाक्टरकडं गेलंच न्हाई कोणी,” नरसिंग म्हणाला.

आता सगळे भीमराजकडं पाहत होते, आणि भीमराज आपल्या पायांच्या बोटांकडं. कचेरीत त्याच्याकडं चार तालुक्यांतली माणसं अदबीनं येत. तिथून ताठ मानेनं बाहेर पडायला त्याला अर्धं आयुष्य लागलं होतं. इथं ती मान एका क्षणात खाली गेली आणि वर करायचं बळ त्याला कुठूनही आणता येईना.

“त्याच्या हातात खराटा दिला व्हता,” तो म्हणाला.

कोणाला ऐकू आलं, कोणाला नाही. व्यंकटराव पुढं वाकले.

“पाचवीत. पीटीच्या तासाला. मी सहज गेलतो डबा द्यायला. बाकीची पोरं चेंडू खेळून राहिलती आणि माझं पोरगं आणि आपलीच अजून दोन पोरं ग्राउंड झाडून राहिली. खडे वेचून राहिली. मला बघून हसला हा. हात केला. त्याला काय कळतंय, त्याला तोबी खेळच वाटला.” त्यानं मान न उचलताच रस्त्यापलीकडं हात केला. “मी काय केलतं चार वर्षं, त्या समोरच्या ग्राउंडात? मास्तर म्हणायचे, झाडा. पाणी मारा. चुन्याची फक्की टाकून रेघा ओढा. रेघा सरळ आल्या की म्हणायचे, झालं तुमचं, जा घरी. आणि मग खेळ सुरू व्हायचा. एक डाव मला खेळू दिला न्हाई कोणी. फक्कीनं हात फाटायचे. मी ठरवलं व्हतं, माझं पोरगं त्या तासाला सावलीत बसंल. खुर्चीवर बसंल. दुसरी पोरं उन्हात पळतील, आणि माझं पोरगं बसून बघंल.”

हे सांगून झाल्यावर अंगणातल्या पुरुषमंडळींच्या नजरा आपापल्या हातांकडं गेल्या. खराटा म्हणजे काय, हे त्यांच्यातल्या कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. व्यंकटरावांनी टोपी परत काढली. एक क्षण भीमराजला वाटलं, आपण सुटलो.

तेव्हा बाजेवरून जनकाबाई बोलली. तिच्या ओटीत हळदीच्या कांड्या होत्या, त्या तिनं सुपात टाकल्या.

“मग झाडू नको म्हणायचं व्हतं रं,” ती म्हणाली. “जाऊन त्या मास्तरच्या हातातून खराटा हिसकून घ्यायचा व्हता. पोराला पळू नको काहून म्हणलास?”

“माय, त्या वेळी...”

“तुला खेळू न्हाई दिलं त्यायनं. मग तू तुझ्या लेकराला न्हाई खेळू दिलं. त्यायचंच काम केलंस की तू, घरात बसून.”

 आईच्या हातचा मार लहानपणी त्यानं खाल्ला होता. त्यात एवढं लागलं नव्हतं. रवीच्या डोळ्यांदेखत सात वर्षं रोज खोटं चालत गेलं, आणि रोज सकाळी त्याला स्कूटरवर बसवताना आपण चांगला बाप आहोत असं वाटत गेलं. हेच वाटणं आता सगळ्यांत जास्त टोचत होतं.

“पप्पा,” रवी म्हणाला.

सगळे वळले.

“मला छिद्र नाही?”

भीमराजनं मान हलवली. नाही म्हणून हलवली की हो म्हणून, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

“मग मला धाप कशाची लागते?”

 शेवटी धम्मपाल म्हणाला, “बसून बसून लागते रं ती, रवी. कोणालाबी लागंल.”

“मला वाटायचं, मी पंचविशीच्या पुढं काही जात नाही,” रवी म्हणाला. तो रडत नव्हता. मघाशी धम्मपालला सांगितलं होतं त्याच न बदलणाऱ्या आवाजात बोलत होता. “म्हणून मी काही ठरवलंच नाही. मम्मीला सांगितलं नाही, ती रडली असती. पप्पांना माहीतच असंल असं वाटायचं. मला वाटायचं, म्हणूनच पप्पा बोलत नाहीत.”

पारुबाईच्या तोंडून एक आवाज आला. रवी वळला आणि फाटकातून बाहेर गेला.

त्याच्यामागं जायला पहिली निघाली ती करुणा. हात पिठाचे, डोक्यावर पदर नाही, सोयरिकीच्या दिवशी मुलीनं पाहुण्यांसमोर असं यायचं नसतं. सतरंजीपाशी ती थांबली.

“काका,” ती व्यंकटरावांना म्हणाली, “तुमी इचारलं आणि आमच्याकडून उत्तर खोटं गेलं. खरं मी सांगते. आमच्या घरात दुखणं हे हाय. आमचे वडील भितात, आणि भ्याले की खोटं बोलतात. दुसरं काही झाकलेलं न्हाई. आता तुमाला जायचं असंल तर जा.”

आणि ती थांबलीच नाही. व्यंकटराव तिच्या पाठीकडं पाहत राहिले. पाहुण्यांच्या जीपचा ड्रायव्हर फाटकातून डोकावला, “काका, निघायचं ना?”

“थांब की जरा,” व्यंकटराव म्हणाले. त्यांनी पेढ्यांचा डबा उचलून काखेत धरला आणि नरसिंगला म्हणाले, “चला, पोरगं कुठं गेलं बघू.”

*

रवी मैदानाच्या मधोमध उभा होता.

गावच्या पोरांनी खेळ थांबवला होता. शाळेच्या स्पर्धांसाठी आखलेला धावण्याचा गोल अजून दिसत होता, फक्कीच्या रेघा जागोजागी पुसलेल्या. रवीनं चपला काढल्या. एका रेघेवर पाय ठेवला, थंड पाण्यात ठेवावा तसा, आणि धावायला लागला.

ते धावणं बघवत नव्हतं. गुडघे वर येत नव्हते, हात कुठं ठेवायचे कळत नव्हतं, पोट शर्टातून बाहेर येत होतं. कडेची दोन पोरं फिसकन हसली, धम्मपालनं त्यांच्याकडं पाहिल्यावर गप्प झाली. रस्त्याच्या कडेनं माणसं जमली. पारुबाईला नरसिंगच्या बायकोनं धरून आणलं होतं. जनकाबाई फाटकाशीच काठीवर हात ठेवून उभी राहिली. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी ओरडलं नाही. एक मोठं झालेलं पोरगं पहिल्यांदा पळत होतं, आणि त्याची लाज सगळ्यांनाच वाटत होती.

भीमराज सगळ्यांच्या मागं होता. आपल्याला पुढं जायचा अधिकार नाही, हे त्याला कळत होतं. माणसांच्या खांद्यांमधून त्याला रवीचं डोकं तेवढं दिसत होतं, वर-खाली होणारं. एक वळण झालं. शाळेच्या भिंतीजवळच्या वळणावर ते डोकं डुलायला लागलं. रवीचा हात छातीवर गेला. तोंड उघडं पडलं. पाऊल अडखळलं.

भीमराजला आपण कधी पळायला लागलो ते समजलं नाही. माणसं बाजूला सारून, चष्मा पडला तसा टाकून, चपलांसकट तो मैदानात घुसला.

“रवी! थांब! पळू नको! बेटा, पळू नको, तुझं काळीज...!”

आपलाच आवाज त्याच्या कानावर आला आणि तो जागच्या जागी थांबला.

मागं सगळं गाव होतं, व्याही होते, बायको होती. सगळ्यांनी ऐकलं होतं. ते खोटं त्यानं स्वतः रचलेलं होतं, त्यात काडीचं तथ्य नव्हतं हे या मैदानात त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं, आणि तरी त्याचा ऊर भीतीनं फुटायला आला होता. सात वर्षांत त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

रवी धावायचा थांबला होता, पण चालत होता. गोलावरूनच चालत होता, धापा टाकत, चेहरा लालबुंद, घाम डोळ्यांत जात होता. तो जवळ जवळ येत गेला. भीमराजनं दोन्ही हात पुढं केले. 

रवी त्याच्यासमोर येऊन थांबला. त्यानं बापाच्या हातांकडं पाहिलं. चेहऱ्याकडं पाहिलं नाही. श्वास थोडा खाली बसेपर्यंत वाट पाहिली.

“पप्पा,” तो म्हणाला, “बाजूला व्हा. तुमी रेघेवर उभे आहात.”

भीमराजनं खाली पाहिलं. त्याच्या दोन्ही चपलांखाली फक्की होती, पांढरी, चपलांच्या कडांनाही लागलेली. लहानपणी ही रेघ सरळ यावी म्हणून तो वाकून वाकून मागं सरकत जायचा.

तो बाजूला झाला. रवी त्याच्या शेजारून पुढं गेला आणि थोडं चालून पुन्हा धावायला लागला.